गुरुजींचे लोणार

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका निवृत्त भूगोल शिक्षकाने साठीनंतर मातीशिल्पाचा ध्यास घेतला. विषय ठरला: कोशातून निघणारे फुलपाखरू. माती कुठली? घरच्या शेतातली, काळी, कसदार. कोश घडला, वाळला आणि दोन दिवसांत असा तडकला की त्यापुढे मे महिन्यातले रान सपाट वाटावे. रेगूर भिजली की फुगते, सुकली की आकसते, हे गुरुजींनी जन्मभर फळ्यावर लिहिले होते. मातीने ते वाचले असणार.

मग कुंभारबाबांकडे धाव. बाबांनी गाळाची माती चाळली आणि तिच्यात राख, लीद मळून दिली. लीद ऐकताच काकूंनी दिवाणखान्यातल्या कोनाड्याचे आरक्षण रद्द केले.

दुसरा कोश दोन बोटे जाड झाला. तीनच दिवसांनी गुरुजी तो घेऊन आव्यापाशी हजर.

"गुर्जी, याच्या अंगात पानी हाये अजून. फुटीन हे."

"वरून तर खडखडीत आहे!"

वरून होताच. पण 100 अंशांवर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती सोळाशे पट जागा मागते. आवा उघडला तेव्हा कोशाचा वरचा भाग शेजारच्या तीन माठांत घुसलेला, खाली उरलेला एक गोल, फाटक्या काठाचा खड्डा. मातीतल्या लोहामुळे रंग मात्र सुरेख तांबडा आला होता. सुमारे 600 अंशांपुढे तापलेली माती भिजवली तरी पुन्हा चिखल होत नाही. म्हणजे चूक आता कायमची.

गुरुजींनी खड्डा हातात फिरवला, तिन्ही माठांचे पैसे मोजले आणि उद्गारले, "लोणार!"

दावा अगदीच हवेतला नव्हता. लोणारलाही आकाशातून आलेल्या धोंड्याच्या तडाख्याने काळा बसाल्ट वितळून काच झाली आणि सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर उरले. जून 2020 मध्ये तिथले पाणी गुलाबी झाले. खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्याला कारण, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. गुरुजींकडे हॅलोआर्किया नव्हते. काकूंचा कुंकवाचा करंडा होता.

सकाळी विवर कोरडे, जेवणाचे टेबल गुलाबी. लोणारच्या तळ्यातून पाणी वाहून जायला वाट नाही; झिलई नसलेल्या भाजक्या मातीत हजार वाटा असतात.

विवर आता तुळशीजवळ आहे, चिमण्यांसाठी. ते दिवसातून तीनदा भरावे लागते. काकू भरत नाहीत.