सांबारावर हक्क न सांगता तिरुविसनल्लूरला कसं जेवावं

कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूरला निघालेल्या मराठी खवय्याने बॅगेत काय भरावं याची चिंता करू नये. घरी काय ठेवून जावं एवढं पाहावं. पहिली वस्तू म्हणजे सांबाराची गोष्ट. ती आपल्याला तोंडपाठ असते. संभाजीराजे तंजावरला चुलतभाऊ शहाजीराजे यांच्याकडे पाहुणे गेले, आमटीत घालायचं कोकम संपलं होतं, तिथल्या मुदपाकखान्यात त्याऐवजी चिंच पडली आणि पाहुण्याच्या नावाने पदार्थ अजरामर झाला. गोष्ट चटकदार आहे, फक्त तिला तारखा सोसत नाहीत. शहाजी तंजावरच्या गादीवर आले 1684 मध्ये आणि संभाजीराजांची हत्या झाली 1689 मध्ये. मधली पाच वर्षं औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसलेला होता. अशा वेळी छत्रपती आमटी प्यायला कावेरीकाठी गेले, हे सांगणाऱ्याने निदान एखादा समकालीन कागद दाखवावा. तो कोणी दाखवत नाही. शिवाय तमिळ स्वयंपाकाला चिंच शिकवायला मराठे जायला हवे होते, हे म्हणणंही धाडसाचंच. संगमकाळच्या कवितेतल्या गृहिणीलासुद्धा चिंच ठाऊक होती.

‘मग या गावाशी आमचा संबंध काय?’ असा प्रश्न अभिमानी प्रवासी विचारेल. संबंध आहे, आणि तो लेखी आहे. याच शहाजीराजांनी 1693 च्या सुमारास हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना दान दिलं; शहाजीराजपुरम हे त्याचं दुसरं नाव. पण राजांच्या गावात जे जेवण सर्वांत गाजलं, त्याच्याशी सांबाराचा काही संबंध नाही. इथले संत श्रीधर अय्यावाळ यांच्या घरी वडिलांचं श्राद्ध होतं. दारात आलेल्या भुकेल्या अस्पृश्य माणसाला त्यांनी ब्राह्मणांआधी जेवू घातलं, ब्राह्मण उठून गेले आणि प्रायश्चित्त म्हणून गंगास्नान सांगितलं गेलं. आख्यायिका म्हणते की अय्यावाळांनी गंगेची स्तुती केली आणि परसातल्या विहिरीलाच गंगा आली. अजूनही कार्तिकातल्या अमावस्येला त्या विहिरीच्या पाण्याने आंघोळ करायला माणसं लोटतात. खवय्याच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की तमिळ ब्राह्मणी श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरची चालत नाही, तिखटाला मिरी असते आणि वरण मुगाच्या डाळीचं. म्हणजे गावाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या पंक्तीत सांबार शिजलंच नसणार. अभिमानाने पानावर बसायचं तर जागा चुकली.

आता हक्क सांगायचाच असेल तर पुराव्याच्या बाजूने बसावं. रसवांगी मागावी. कोवळी वांगी चिंचेच्या पाण्यात शिजवून त्यात तुरीचं वरण घालतात; धने, हरभरा डाळ, सुकी मिरची आणि खोबरं तेलावर खमंग परतून वाटून लावतात; रस असा दाट की भातात खळगा केला तर तिथेच थांबतो. पिटलई मागावी: कारलं किंवा वांगं, तूरडाळ, भाजून वाटलेला मसाला, आणि बेसनाचा पत्ता नाही, त्यामुळे झुणका-भाकरीवाल्याची थोडी पंचाईत होते. डांगर पचडी तर आपल्या आजीने ओळखावी अशी: भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर मोहरी-हिंगाची फोडणी. या पदार्थांबद्दल कोणी छाती फुगवत नाही, आणि मराठ्यांचा तंजावरातला 180 वर्षांचा मुक्काम पानावर शोधायचा तर तो इथेच. दुसरे सरफोजी (1798–1832) यांच्या मुदपाकखान्याच्या पाककृती मराठीत लिहिलेल्या आहेत, हेही लक्षात असू द्यावं.

इथे चाणाक्ष वाचक अडवेल: नावं मराठी आहेत, तर पदार्थ आपलेच झाले की! तसं म्हणायला माझी हरकत आहे. वांगी कावेरीच्या गाळातली, चिंच-खोबरं तिथलंच, भात तर तिथलाच, आणि ही रसवांगी पुण्यात किंवा साताऱ्यात शोधून सापडणार नाही. माहेर आपलं असलं तरी तीनशे वर्षांचा संसार त्यांचा आहे. त्यात एक व्यावहारिक अडचणही आहे. रसवांगी आणि पिटलई हॉटेलच्या फलकावर क्वचित दिसतात. ती घरात आणि लग्नाच्या पंगतीत होतात. तिथवर पोचायचं तर कोणीतरी जेवायला बोलवावं लागतं, आणि दारातच ‘सांबार मुळात आमचं’ म्हणणाऱ्या पाहुण्याला शक्यतो सांबारच वाढतात.

बाकी सूचना थोडक्यात. आमंत्रण न आल्यास कुंभकोणमला इडलीबरोबर कडप्पा खावा. मूगडाळ आणि बटाट्याची ही पातळ भाजी हक्क न सांगता सुखाने खाता येते. जेवणात पोळी मागू नये, गोड पुरणाची येईल. सांबारभात, रसमभात, ताकभात हा क्रम मोडू नये. रसम वाटीने पिऊन वर ‘हे आमचं सारच’ असं तर मुळीच म्हणू नये. जेवण झाल्यावर केळीचं पान आपल्या बाजूला दुमडावं. मग पितळी वाटी-पेल्यातून डिग्री कॉफी येईल. ती निवेपर्यंत यजमानीणबाईंना धने किती वेळ परतता एवढंच विचारावं, आणि कोणी स्वतःहून संभाजीराजांचं नाव काढलंच तर मान डोलवून पेला तोंडाला लावावा.