दोन नंबरचा पैलवान

पुणे जिल्ह्याच्या आमच्या कोपऱ्यात नावाआधी ‘पै.’ लागायला कुस्ती खेळावी लागत नाही. वाढदिवसाचा फ्लेक्स छापणारा पोरगा ते आपणहून लावतो. लग्नपत्रिकेत खाली ‘आपले नम्र’ म्हणून जी पन्नास नावं येतात, त्यांत ज्याला सरपंच, चेअरमन, गुरुजी यांतलं काहीच लागू होत नाही तो पैलवान. कान मोडलेला असला तर सोन्याहून पिवळं. नसला तरी शर्टाची बाही दंडावर तटतटली की भागतं. भोर आणि वेल्हे (सरकारदरबारी आता राजगड) या दोन तालुक्यांतले सगळे पै. एकाच दिवशी लांग लावून उतरले, तर भाटघरचं धरण रिकामं करून तळात आखाडा धरावा लागेल. एका पत्रिकेत माझ्याही नावाआधी ‘पै.’ पडलं होतं. त्या लग्नात बुंदीचं पातेलं उचलायला पहिली हाक मलाच आली. पुढच्या पत्रिकेत मी पुन्हा ‘श्री.’ झालो.

अशा मुलखात ‘आजवरचा सगळ्यात थोर पैलवान कोण?’ हा प्रश्न सहज गप्पांत काढायचा नसतो. नट कोण थोर, गायक कोण थोर, यावर लोक वाद घालतात आणि चहा पिऊन घरी जातात. पैलवानाचा वाद निघाला की चहा तसाच राहतो आणि दंडाला हात लावून दाखवणं सुरू होतं. आमच्याकडे तो निघाला जत्रेत, तोही ऐन मानाच्या कुस्तीला.

आमच्या जत्रेचा आखाडा म्हणजे भाताचं खाचर. चैत्रापर्यंत ते वाळून कडक झालेलं असतं. ते नांगरायचं, ढेकळं फोडायची, वर तांबडी माती ओतायची, आणि बांधावर माणसं बसवायची. बांध आपोआप पायऱ्यांसारखे असतात. शाहू महाराजांनी रोमचं मैदान डोळ्यांपुढे ठेवून कोल्हापुरात खासबाग बांधलं. आमचं खासबाग दर जूनमध्ये चिखल होतं आणि त्यात इंद्रायणी लावतात.

आधी बारक्या पोरांच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात. जोड लावताना एक पोरगं रडतं, सुटल्यावर दुसरं रडतं. मग शंभराच्या, पाचशेच्या, हजाराच्या. प्रत्येक कुस्तीमागे कुणाची तरी देणगी असते, आणि ती स्पीकरवरून देणगीदाराच्या आजोबांच्या नावासकट दोनदा वाचली नाही तर पुढच्या वर्षी मिळत नाही. आखाड्यात पैलवान दोन आणि पंच अकरा. एकाला फेटा बांधला आणि दुसऱ्याला राहिला तर खरी कुस्ती त्या दोघांत लागेल, म्हणून सगळेच पंच. पंचांना पैलवान दिसत नाहीत, कारण मधे पंच असतात.

आणि वर निवेदक. ह्या माणसाला दर्जा कमी करून बोलताच येत नाही. बारामतीकडून मोटारसायकलवर आलेला, अजून मिसरूड न फुटलेला पोरगा त्याच्या तोंडून निघेपर्यंत ‘अनेक मैदानं गाजवलेला, महाराष्ट्राचा उगवता वाघ’ होतो. समोरचाही वाघच असतो. संध्याकाळपर्यंत त्या खाचरात इतके वाघ उतरतात, की वनखात्याने ऐकलं तर दोन्ही तालुक्यांना कुंपण पडेल.

तर मानाची कुस्ती लागली. सलामी झाली, शड्डू झाले, आणि दोघांनी एकमेकांच्या मानेवर हात टाकले ते टाकलेच. याला खडाखडी म्हणतात. कपाळाला कपाळ लावून दोन धिप्पाड माणसं उभी. मधूनच एकजण मूठभर माती उचलून दुसऱ्याच्या घामट खांद्याला चोळतो, म्हणजे हात निसटू नये. दुसराही त्याला चोळतो. फार प्रेमाने चाललेलं दिसतं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. हलगीवाल्याने हात बदलला. आणि माझ्या शेजारी बसलेले थोरले चुलते आबा म्हणाले, “गामा असता तर आत्तापर्यंत जेवून झोपला असता.”

झालं. वाद पेटला.

आबांची गामावर निष्ठा आहे. गामा १९६० साली लाहोरला वारला तेव्हा आबा शाळेत जात होते, तरी ते त्याच्याविषयी शेजारच्या आळीतल्या माणसासारखं बोलतात. त्यांची लाडकी गोष्ट १९१० ची, लंडनची. समोर पोलंडचा झिबिस्को. त्याने गामाचा हात एकदाच अनुभवला आणि तो जो पालथा पडला, तो अडीच तासांहून जास्त वेळ माती धरून राहिला. तिथे माती नव्हती, गादी होती, पण आबांच्या गोष्टीत माती असते. कुस्ती सुटली बरोबरीत. पुढच्या शनिवारी पुन्हा धरायची ठरली, तर झिबिस्को आलाच नाही. “आपल्याकडं असता तर पंचांनी लांगंला धरून उभा केला असता,” आबा म्हणाले. “इंग्रजांना बिचाऱ्यांना ठावं नाय.” मग १९२८ साली पतियाळाला दोघे पुन्हा भेटले आणि गामाने त्याला मिनिटाच्या आत आसमान दाखवलं. आबांचं म्हणणं, झिबिस्कोने अठरा वर्षं विचार करून मग पाठ टेकवली.

“आबा, पण गामा आपल्या भागात कुठं खेळला?” असं विचारलं मागच्या बांधावरल्या वस्तादांनी. वस्ताद तरुणपणी कोल्हापूरला गंगावेस तालमीत राहून आले आहेत. किती दिवस, ते कुणी विचारत नाही. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात ‘आमच्या कोल्हापूरला’ येतं आणि चहात साखर जास्त लागते. त्यांच्या यादीत पहिले पाच जण एकमेकांपासून एका एसटीच्या अंतरावरचे: श्रीपती खंचनाळे, म्हणजे १९५९ चे पहिले हिंदकेसरी, मग १९६० चे गणपतराव आंदळकर, कवठेपिरानचे मारुती माने, ज्यांनी १९६२ ला जकार्ताहून आशियाई सुवर्ण आणलं, दादू चौगुले, आणि पाचवा दरवर्षी बदलतो. खंचनाळे मूळचे एकसंब्याचे, म्हणजे आता कर्नाटकातले, असं कुणीतरी म्हटलं. त्यावर वस्ताद म्हणाले, सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, कुस्तीत तो कधीच सुटलाय.

इथे आमचे निवृत्त गुरुजी मधे पडले. गुरुजी नियमाने बोलतात. त्यांचं एकच नाव: खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि तेही कसं? जपानच्या इशीशी लांबलचक लढत संपते न संपते, तोच सोव्हिएत मल्लाबरोबर पुन्हा उभं केलं. विश्रांतीचा नियम होता, पण तो सांगायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. “आणि इथं पाहा,” गुरुजींनी आखाड्याकडे बोट केलं, “रेवड्यांच्या कुस्तीला अकरा पंच!” हेलसिंकीला जायला पैसे नव्हते म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकलं होतं, हेही त्यांनी सांगितलं. बांधावर क्षणभर सगळे गप्प झाले. खाशाबांविरुद्ध कुणी बोलूच शकत नाही. मग वस्तादांनी हळूच विचारलं, “वजन किती होतं हो त्यांचं?” गुरुजी म्हणाले, गट सत्तावन्न किलोचा. “तेच म्हणतो. थोर माणूस. पण आमच्या मारुतीभाऊंच्या मांडीएवढा.”

एव्हाना माझा पुतण्या मोबाइलमधून डोकं काढून ऐकायला लागला होता. “अंडरटेकर,” तो म्हणाला.

त्याच्यावर हसायला मला तोंड नाही, कारण त्याच्या वयात मीही तेच म्हणत होतो. भोरात केबल आली तेव्हा आम्हा पोरांची क्रमवारी पत्त्यांवर छापून मिळायची. एकेका पत्त्यावर एकेक डब्ल्यूडब्ल्यूएफवाला. खाली उंची, वजन, छाती, दंड, लढती, विजय, आणि शेवटी रँक. वजन म्हटलं की योकोझुना सगळ्यांचे पत्ते गिळायचा. रँक एक ज्याच्याकडे, तो तो पत्ता मधल्या सुट्टीत चड्डीच्या खिशात दाबून फिरायचा, आणि बाई तास घेताना एक हात खिशावर ठेवून उत्तर द्यायचा. अंडरटेकर सात वेळा मेलाय, हे आम्हाला पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं. १९९६ साली ‘खिलाडियों का खिलाडी’त अक्षयकुमारने त्याला उचलून आपटलं, तेव्हा वर्गात दोन तट पडले होते. तो खरा अंडरटेकर नव्हताच, ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता, हे कळेपर्यंत मला मिशा आल्या होत्या. त्या वर्गातले दोन तट मात्र अजून बोलत नाहीत.

आबांनी हा डब्ल्यूडब्ल्यूएफचा प्रकार आमच्याच टीव्हीवर एकदा शेवटपर्यंत पाहिला होता. त्यांना एकच गोष्ट समजेना. “पाठ टेकली, दोन्ही खांदे टेकले. मग तो पंच मोजतोय काय?” तीनपर्यंत मोजतात, मी सांगितलं. “का? एकदा पाठ लागली की लागली. मयताला तीनदा विचारतात काय?” आणि दोन म्हणताना तो पडलेला उठला, तेव्हा आबा चपला घालून बाहेर गेले. ही नूरा आहे, आधी ठरवून केलेली, हे त्यांना तेव्हाच कळलं. आम्हाला कळायला दहावी व्हावी लागली.

पण पुतण्याला कुस्ती ठरलेली असण्याचं काहीच वाटत नाही. तो म्हणाला, “खऱ्या कुस्तीत तरी काय वेगळं? नगरला २०२५ च्या महाराष्ट्र केसरीला पैलवानाने पंचाची कॉलर धरून लाथ घातलीच ना?” बांधावर सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्या वर्षी गदा मुळशीच्या पृथ्वीराज मोहोळने नेली, म्हणजे आमच्या शेजारच्या तालुक्यात आली; पण लोकांच्या तोंडी गदेपेक्षा लाथच जास्त दिवस राहिली. गुरुजी एवढंच म्हणाले, “तिकडं दर आठवड्याला पंचाला मारतात आणि पगार देतात. आपल्याकडं मारलं तर तीन वर्षं बंदी घालतात. फरक आहे तो हा.”

आणि मग कुणीतरी, बहुधा वाद मिटवायला, म्हणालं, “आरं, येसाजी कंक इसरला का?”

सगळे सावरून बसले. भुतोंड्याचा येसाजी, शिवाजी महाराजांच्या पायदळाचा सरनोबत. भाटघरच्या जलाशयाला त्याचंच नाव आहे. गोष्ट दोन्ही तालुक्यांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते: १६७७ साली महाराज भागानगरला गेले, गोवळकोंड्याच्या कुतुबशहाने विचारलं तुमच्याकडे हत्ती कसे नाहीत, महाराज म्हणाले आमचा एकेक मावळाच हत्तीला भारी, आणि येसाजी हत्तीपुढे उभा राहिला. बखर काय म्हणते, समकालीन कागद आहे की नाही, असं इथे विचारायचं नसतं. निदान जत्रेत, बांधावर बसून, मागे उतार असताना नाही.

तेव्हा एक नंबर ठरला. गामा माणसांशी लढला, खाशाबा माणसांशी लढला. हत्तीशी कोण लढलं? वजनगटाचा मुद्दाच संपला. महाराष्ट्र केसरीला सव्वाशे किलोच्या वर उतरता येत नाही. हत्ती चार हजारांच्या घरातला. वजनकाट्यावरच बाद.

पण गुरुजी ते गुरुजी. “गोष्टीत येसाजीनं सोंड तलवारीनं उडवली आहे,” ते म्हणाले. “म्हणजे ही कुस्ती नव्हे. हत्यार चालवलं की लढत रद्द.”

बांधावर शांतता. आबांचा चेहरा पडला. आणि त्यांच्या मदतीला धावला कोण, तर पुतण्या. “आबा, ते नो डिस्क्वालिफिकेशन मॅच असतं. खुर्ची चालते, शिडी चालते, टेबल चालतं. तलवार का नाय चालणार?” आबांना सगळं समजलं नसेल, पण खुर्ची चालते तर तलवार चालते एवढं पटलं. चपला घालून बाहेर गेलेल्या त्या माणसाने त्या दिवशी डब्ल्यूडब्ल्यूएफला मान्यता दिली. हत्तीने सोंड वापरली, तेही हत्यारच, अशी पुरवणी वस्तादांनी जोडली.

एवढ्यात हलगी कडाडली, फेटे उडाले, लोक आखाड्यात घुसले. खाचरात एक पैलवान दुसऱ्यांच्या खांद्यावर होता. “कशावर पाडला?” मी विचारलं. वस्ताद म्हणाले ढाकेवर. आबा म्हणाले घिस्सा होता, चांगला ओढून घिस्सा. मागून कुणी म्हणालं, बाहेरची टांग. आम्हा चौघांपैकी एकाचंही तोंड तिकडे नव्हतं.

पुन्हा सगळे यादीकडे वळले. एक नंबर येसाजी. दोन नंबरला गामा की खाशाबा की मारुती माने, यावरून आवाज चढला. पूर्वी कोण कसल्या खुराकावर वाढला, इथपर्यंत आलं. दोन भावकीतले लोक वेगवेगळ्या बाजूंना उभे राहायला लागले, तेव्हा यात्रा कमिटीच्या अध्यक्षांनी घाम पुसला. गुरुजींनी शेवटी खडूविनाच फळ्यावर लिहिल्यासारखा हात हलवला.

“सरळ आहे,” ते म्हणाले. “पहिल्या नंबरशी अंतिम लढतीत जो हरतो तो दोन नंबर. येसाजीशी हरला कोण?”

“हत्ती,” पुतण्या म्हणाला.

“मग दोन नंबर हत्ती.”

कुणालाच तोड सापडेना. आबा थोडा वेळ विचार करत राहिले. “पण हत्ती कुठल्या तालमीचा?”

“गोवळकोंड्याचा.”

“म्हंजे बाहेरचा.”

“बाहेरचाच बरा,” अध्यक्ष घाईने म्हणाले. “इथल्या कुणाला दोन नंबरचा म्हणालात, तर उद्या सकाळी माझ्या दारात येईल.”