मूळपुरुष हुडकण्याची कृती

टोरांटोहून भाच्याचा फोन आला. "मामा, आमच्या ऑफिसातल्या एका बाईंना त्यांचा मूळपुरुष सापडला. वलंदेज म्हणजे डच वंशाचा होता, न्यूयॉर्ककडचा. आपला कोण?"

म्हटलं, "आपला पाटील होता."

"खानदेशात सगळेच पाटील असतात मामा. त्याच्या मागे कोण?"

त्याच्या मागे कोण हे शोधण्यात माझी निवृत्तीनंतरची तीन वर्षं गेली. नवशिक्यांची निदान दीड वर्षं वाचावीत म्हणून ही कृती देतो.

साहित्य: कापडी पिशवी एक, चष्मे दोन, झेरॉक्ससाठी सुटे पैसे आणि रुमाल. रुमाल दोन प्रकारचे असतात. जुनी दप्तरं ज्यात बांधून ठेवतात तो एक, आणि ती सोडताना आपण नाकाला बांधतो तो दुसरा. नंदुरबारच्या माणसाला हे सांगायला नको. मिरचीच्या पथारीवरून ज्याचं येणंजाणं आहे त्याला वाटतं, कागदाची धूळ ती काय. पण मिरचीचा ठसका घरी येईपर्यंत जिरतो, दप्तराचा तीन दिवस पुरतो.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाका. तुमचे पणजोबा नंदुरबार जिल्ह्यात जन्मले नाहीत. कोणाचेच नाहीत. जिल्हाच मुळी 1 जुलै 1998 ला जन्मला. त्याआधी आपण धुळे जिल्ह्यात होतो, त्याआधी पश्चिम खानदेशात, आणि 1906च्या आधी नुसत्या खानदेशात. म्हणजे पणजोबा जागचे हलले नाहीत, कागद मात्र फिरत राहिले. 'तो रेकॉर्ड इथे नाही, तिकडे बघा' हे वाक्य पाठ होईपर्यंत ऐकावं लागेल. ते खरंही असतं.

आता मुख्य प्रश्न. तुम्हाला मूळपुरुष कसा हवा आहे? हे आधी ठरवू नका असं शास्त्र सांगतं, पण ठरवल्याशिवाय कोणी निघत नाही. आमच्याकडे मागणी लढवय्याची. आजोबांच्या बाबतीत तर नंदुरबारात सोयच आहे. 9 सप्टेंबर 1942 ला 'चले जाव'च्या मिरवणुकीत शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे सवंगडी गोळ्या झेलून पडले, त्या मिरवणुकीत आपले आजोबा होते असं सांगणारी इतकी माणसं मला भेटली आहेत, की तेवढे आजोबा त्या चौकात मावले नसते. खरे जे होते त्यांच्या घरी याचा उच्चारही फार होत नाही.

भाच्याच्या ऑफिसातल्या बाईंची गोष्ट उलटी. त्यांचा पूर्वज अमेरिकेत राहून इंग्लंडच्या राजाच्या बाजूने उभा राहिला. न्यूयॉर्क आधी वलंदेजांचं, 1664 साली इंग्रजांनी घेतलं. तिथल्या काही वलंदेज घराण्यांनी शंभर वर्षांनी स्वातंत्र्ययुद्धात त्याच इंग्रजांची बाजू धरली. 1783 साली राजा हरला, यांच्या जमिनी गेल्या आणि ही मंडळी चंबूगबाळं उचलून कॅनडात गेली. तिथे सरकारने नवी जमीन दिली. राजनिष्ठांच्या मुलामुलींनाही दोनदोनशे एकर. 1789 साली लॉर्ड डॉर्चेस्टरने त्यांच्या नावांना मानाचं चिन्ह ठरवून दिलं, आणि ज्यांनी वंश सिद्ध केला ते वारस नावापुढे 'यू. ई.' ही अक्षरं आजही लावतात. विचार करा, आपल्याकडे कोणी लग्नपत्रिकेत छापेल का, 'आमचे खापरपणजोबा इंग्रजांच्या बाजूने होते'?

छापणार नाही. पण होते. माझे तरी होते.

1818 साली खानदेश कंपनीकडे गेला तेव्हा मुलूख उजाड होता. होळकरी धामधूम, पेंढारी आणि 1803-04चा दुष्काळ यांनी गावंच्या गावं ओस पाडलेली. कंपनीचा कारभार बघायला धुळ्याला कॅप्टन जॉन ब्रिग्ज बसला. ओसाड जमिनीला माणूस हवा होता. मग कौल दिले, तगाई दिली. पहिली वर्षं सारा थोडा, पुढे चढत जाणारा. असल्या कौलाची वार्ता लागल्यावर जो बैलगाडीत बायकोपोरं घालून तापीकाठी आला, तो आमचा मूळपुरुष. गुजरातेतून आला. घरातली गुजरी बोली अजून त्याची साक्ष देते. आला म्हणजे वसला, सारा भरला, मोजणीवाल्याला सावलीत बसवून पाणी दिलं. 1852 साली सावद्याकडचे शेतकरी याच मोजणीविरुद्ध उठले होते. आमच्या बाजूला त्याची हवा आली की नाही कोण जाणे. आमच्या माणसाने बहुधा पाण्यासोबत गूळही दिला असेल.

मी हे खाली मान घालून भावकीत सांगितलं तेव्हा आमची थोरली आत्या म्हणाली, "मंग काय झालं? वावर शे ना?" अहिराणीत प्रश्न असा विचारला की उत्तराची सोय राहत नाही.

या आत्याचाच एक वेगळा दावा आहे. तिचे डोळे घारे. सतराव्या शतकात वलंदेजांची वखार सुरतेत होती आणि सुरत-बुऱ्हाणपूर वाट नंदुरबारावरून जायची, एवढं मी तिला एकदा सांगून बसलो. तेव्हापासून ती आरशात पाहून गोऱ्या पूर्वजाचा हिशेब मांडते. सुरतेच्या वलंदेज कबरस्तानात व्हान रीड या त्यांच्या अधिकाऱ्याचा घुमटाचा मकबरा आहे. तो 1691 साली वारला. पण त्या व्हान रीडचा आमच्या आत्याशी संबंध जोडणारा एकही कागद नाही. नवशिक्यांनी लक्षात ठेवावं: घारे डोळे पुरावा धरले तर सगळी कोकणपट्टी वलंदेज ठरेल.

कागद कुठे मिळतात ते थोडक्यात. सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडे. जुनी जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14. शाळेचं जनरल रजिस्टर. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, जिथे तुमच्या आज्याची सही किंवा अंगठा सापडू शकतो. भाट येत असेल तर उत्तमच. खाटेवर बसवा, चहा पाजा, वही उघडू द्या. तो प्रत्येक पिढीत एक शूर आणि एक दानशूर वाचून दाखवेल. शूर सोडून द्या, नावं उतरवून घ्या. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. राजवाडे 1926 साली तिथेच वारले. एकदा जाऊन या, निदान आपण किती अडाणी आहोत ते कळतं. मोडी शिकावी लागेल. आधी आडवी रेघ मारून तिला अक्षरं टांगलेली, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. एका ओळीला पहिल्या आठवड्यात मला चार दिवस लागले. ती ओळ पोत्यांच्या हिशेबाची निघाली.

आणि तहसील कचेरीबाहेरचा स्टॅम्प व्हेंडर विसरू नका. जिल्ह्यातला सगळ्यात मोठा वंशावळतज्ज्ञ तोच. जात पडताळणीला आदिवासींना 6 सप्टेंबर 1950च्या आधीचा पुरावा लागतो, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967च्या आधीचा. त्यामुळे कोणत्या गावच्या कोणत्या घराचा आजा कोणत्या शाळेत दुसरीतून पळाला, हे त्याला तोंडपाठ असतं.

आता ज्या पानासाठी हा सगळा खटाटोप, त्याकडे येतो. एका कचेरीत दुपारी अडीचला मला आमच्या पणजोबाच्या बापाची मृत्यूची नोंद सापडली. साल 1900, संवत छप्पन्नच्या दुष्काळाचं. शाई फिकट तपकिरी, कडा कुरतडलेल्या. नाव, बापाचं नाव, जात, धंदा शेती, वय सत्तर, कारण जुलाब. सगळे रकाने भरलेले. मी आनंदाने दोन्ही चष्मे काढले. पुन्हा घातले तेव्हा बाकीचं पान दिसलं. त्याच पानावर आणखी अकरा मृत्यू. त्यांतले नऊ भिल्लांचे. नऊपैकी सहांच्या पुढे बापाचं नाव नाही, दोघींच्या पुढे स्वतःचंही नाही. 'भिल्लीण, वय अंदाजे तीस.'

कागदात कोण सापडतो हे तेव्हा कळलं. सारा भरणारा सापडतो. कौल घेणारा, पाटीलकी मिळालेला, नोकरीत शिरलेला सापडतो. भिल्लांतलेही जे 1825 साली लेफ्टनंट आउट्रमच्या भिल्ल पलटणीत गेले त्यांची हजेरी लागली. 1891 साली ती पलटण पोलिसात मिसळली, तिथेही नावं पुढे चालली. बाकीच्यांचं नाव लागतं ते फिर्यादीत. खाजा नाईकच घ्या. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा, सरकारी पगारावरचा माणूस. 1857 साली उलटला, आणि पुढच्या कागदांत नाईकाचा दरोडेखोर झाला. 11 एप्रिल 1858 च्या अंबापाणीच्या लढाईत जे भिल्ल पडले त्यांच्या वंशजांनी कोणता नमुना मागायचा? या कृतीत त्यांच्यासाठी पायरी नाही. ती पाड्यावर, होळीच्या रात्री म्हातारे गातात त्यात असेल. तिकडे झेरॉक्स नेऊ नका.

भाच्याला मी सगळं कळवलं. तो म्हणाला, "म्हणजे मामा, आपणही यू. ई.च की!" फोन ठेवून दिला.

शेवटी एकच विनंती. घरात माळ्यावर पत्र्याची पेटी असेल, आत सुतळीने बांधलेले मोडी कागद असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत हात लावू नका. आमची पेटी 1992 साली भंगारात गेली, आतल्या कागदांसकट. चाळीस रुपये आले होते. मीच मोजून घेतले.