पुण्य दत्तक देणे आहे

आमच्या रत्नागिरीत प्राण्यांचं पुनर्वसन काही नवं नाही. मांजरीची नको झालेली पिल्लं पोत्यात भरायची, काळोख पडल्यावर मिरकरवाडा बंदरावर सोडायची आणि ‘मासळी खाऊन जगतात हो ती’ म्हणत हात झटकायचे. अंतःकरण तेव्हाही भरून यायचं. फक्त त्याचा फोटो निघत नसे.

आता निघतो. पिल्लू कमी, उचलणारा जास्त, असा. मग ‘घर हवंय’ची हाक. अटी अशा की पोरीच्या स्थळालासुद्धा कोणी घातल्या नसतील. एवढं होऊन पहिला फोन येतो: “लॅब्राडोर आहे का?”

भटक्या कुत्र्यांबाबतचे केंद्राचे २०२३चे नियम मात्र रुक्ष आहेत. कुत्रा पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, कानाला खाच पाडा आणि जिथून उचलला तिथंच सोडा. कुत्र्यांची संख्या आणि रेबीज आटोक्यात येतो तो याच मार्गानं. पण कापलेल्या कानाचा फोटो पाहून कोणाचा ऊर भरून येणार? म्हणून ते काम नगरपरिषदेचं. धन्यता तेवढी आमची.