स्टीमवरची इस्टेट

जून संपत आला की आपल्याकडे पावसाचा जम बसतो आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ‘समर सेल’ लागतो. समर तिकडे अमेरिकेत. इथे आपण न वाळलेले कपडे पंख्याखाली पसरून, त्यांच्याच शेजारी बसून, ऐंशी टक्के सूट लागलेले कॉम्प्युटर गेम कार्टात टाकत असतो. खेळायला वेळ कधी मिळणार, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारू नये. ऐंशी टक्के सूट पाहून जो वेळेचा हिशेब करतो, त्याने म्युच्युअल फंडाकडे वळावं.

घेतलेले गेम ‘लायब्ररी’ नावाच्या यादीत जाऊन बसतात. ही यादी फार चोंबडी. कुठला गेम किती तास खेळलात, शेवटचा कधी उघडलात, सगळं मांडून ठेवते. एकदा बायकोने मागून डोकावून विचारलं, “अहो, एवढे घेतलेत आणि वेळ सगळा त्या एका शेतीवरच?” ती शेती म्हणजे ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चित्रं, संगीत, कोड असं सगळं स्वतः करून २०१६मध्ये आणलेला गेम. गावाकडच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे आणि त्या जमिनीकडे मी कित्येक वर्षांत फिरकलेलो नाही. इथे मात्र रोज रात्री जेवण झालं की नेमाने फ्लॉवरला पाणी घालतो.

या डिजिटल दुकानांची उणीदुणी काढण्याआधी पूर्वी काय होतं ते आठवलेलं बरं. मुंबईत लॅमिंग्टन रोड होता. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, टॅक्सीवाल्याच्या तोंडी लॅमिंग्टन. तिथे फुटपाथवर पातळ प्लास्टिकच्या पाकिटात सीडी मिळायच्या. वर मार्करने लिहिलेलं नाव. स्पेलिंग विक्रेत्याच्या त्या दिवशीच्या मर्जीनुसार. आत ‘क्रॅक’ नावाचं फोल्डर, आणि कधी कधी एक इवलासा प्रोग्रॅम. बटण दाबलं की तो सीरियल नंबर काढून द्यायचा आणि काम होईपर्यंत चिरक्या आवाजात कसलीशी धूनही वाजवायचा. अँटिव्हायरस बोंब ठोकायचा, त्याला आपण गप्प करायचो. विक्रेत्याची हमी तोंडी असे: “नाही चालली तर बदलून न्या, मी इथेच असतो.” आणि तो खरंच तिथेच असायचा, बदलूनही द्यायचा. सचोटीचा धंदा कसा करावा हे मी चोरीच्या मालावर शिकलो. रीतसर दुकानात खोका फोडला की विषय संपला. स्टीमनेसुद्धा सरसकट पैसे परत द्यायला सुरुवात केली ती २०१५च्या जूनमध्ये, खरेदीला १४ दिवस उलटले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. लॅमिंग्टन रोडवरच्या भाऊने तास कधी मोजले नाहीत.

खऱ्या खोक्याची ऐट मात्र वेगळी होती, हे कबूल. जाडजूड पुस्तिका, एखादा घडीचा नकाशा, आणि पुस्तिकेच्या मागच्या पानावर चिकटवलेला लांबलचक नंबर. त्यातला ‘बी’ की आठ, शून्य की ‘ओ’, यावर घरात मतभेद व्हायचे. पण हे खोके म्हणजे अक्षय ठेवा असंही नव्हे. आमच्याकडच्या दमट हवेत चकत्यांवर बुरशीची नक्षी उमटते, बनियनच्या टोकाने पुसल्या की ओरखडे पडतात, आणि आता लॅपटॉपला चकती घालायला खाचच नसते.

व्हॉल्व्ह कंपनीने २००३च्या सप्टेंबरात स्टीम सुरू केलं तेव्हा लोकांनी मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. पुढच्या वर्षी ‘हाफ-लाइफ २’ दुकानात आला तर खोका विकत घेऊनही स्टीमवर खातं उघडून, इंटरनेटवरून परवानगी मिळवल्याशिवाय तो सुरू होईना. आपल्याकडे तेव्हा मोडेमची किरकिर. कुणी आतल्या खोलीत फोन उचलला की सारं मुसळ केरात.

कंपनीचे कर्तेधर्ते गेब न्यूएल यांचं म्हणणं मात्र पुढे मला पटलं. पायरसीचं मूळ किमतीपेक्षा सेवेत आहे, चोरापेक्षा बरी सोय द्या म्हणजे लोक पैसे देतील, असं ते सांगत आले. २०१५च्या नोव्हेंबरात स्टीमवर रुपयांत किमती आल्या, पुढे यूपीआयही चालू लागलं, आणि चोरीचा गेम शोधून त्याच्या मागून आलेले व्हायरस निस्तरत बसण्यापेक्षा विकत घेणं सोपं झालं. आम्हा मध्यमवर्गीयांचा प्रामाणिकपणा असा सोय पाहून वाढतो. वाढला हे महत्त्वाचं.

शिवाय पूर्वी दुकानाच्या फळीवर मावेल तेवढंच जग होतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२०मध्ये आला. हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली सर्कशीतली पोर, तिच्या वाटेत राक्षस आणि पाठीशी दुर्गा. हे खोक्यात भरून देशोदेशीच्या दुकानांत पोचवायचं म्हटलं असतं तर पुण्यातल्या छोट्या कंपनीचं दिवाळंच निघालं असतं. डिजिटल दुकानदार साधारणपणे ३० टक्के कापून घेतो हे खुपतं, पण त्याचं दुकान एक ते चार बंद नसतं.

आता दुखणं. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतींचा गेम २०१४मध्ये आला. एकट्याने खेळायचा तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं असावं लागे. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि मग लोकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेतला गेला. ज्यांनी चकती घेतली होती त्यांना तिच्यावर चहाचा कप ठेवण्याची मुभा उरली. त्यावरून गदारोळ झाला. रॉस स्कॉट या यूट्यूबवरच्या गृहस्थांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ नावाची मोहीमच उघडली. कॅलिफोर्नियात कायदा झाला की गिऱ्हाइकाला स्वच्छ सांगा, तुम्हाला वस्तू मिळत नसून वापरण्याचा परवाना मिळतो आहे. हा कायदा २०२५ लागताच अमलात आला. स्टीमने त्याआधीच, २०२४च्या ऑक्टोबरात, कार्टाखाली तशी एक ओळ टाकली. ती मी चष्मा लावून नीट वाचली आणि पैसे भरायचं बटण दाबलं.

कधी गेम राहतो, पण त्यातलं काहीतरी जातं. ‘जीटीए ४’ला २०१८मध्ये दहा वर्षं झाली, गाण्यांच्या हक्कांची मुदत सरली, आणि एका अपडेटसरशी गाडीच्या रेडिओवरची कित्येक गाणी गेली. व्लादिवोस्तोक एफएम या रशियन स्टेशनचा तर नूरच पालटला. पैसे आपण दिलेले, कॉम्प्युटर आपला, आणि रात्रीतून उतरलेल्या अपडेटच्या विजेचं बिलही आपलंच.

म्हणून जुने आवडते गेम मी जीओजीवर घेतो. पोलंडमधून चालणारं हे दुकान २००८पासून आहे. तिथून गेमची फाइल उतरवून घ्यायची, हार्ड डिस्कवर ठेवायची, मग कुणाची परवानगी नको. बाकी सटरफटर स्टीमवर. एपिक या तिसऱ्या दुकानात दर आठवड्याला काहीतरी फुकट मिळतं, तेही उचलतो; फुकटचं नाकारणं आमच्या आळीत उद्धटपणा समजतात. त्यांनी २०२०च्या मे महिन्यात ‘जीटीए ५’ फुकट वाटला तेव्हा गर्दीने त्यांची साइटच कोलमडली होती, म्हणजे आळी बरीच मोठी असावी.

पागडीच्या खोलीत वाढलेल्या माणसाला हा प्रकार तसा नवा नाही. रक्कम मोजायची, रंग आपण काढायचा, मालक दुसराच. फरक इतकाच की पागडीची खोली घासाघीस करून का होईना, पोराच्या नावावर होते. स्टीमचं खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही आणि मृत्युपत्रातूनही देता येत नाही. हे मला पुतण्याने सांगितलं. आम्ही विम्याच्या पॉलिसी आणि बँकेची पासबुकं एका फाइलीत लावत होतो आणि बायकोने सहज विचारलं होतं, “तुमच्या त्या गेमना नॉमिनी कोण?”

“नॉमिनी नसतो काकू,” पुतण्या म्हणाला. “काका, तुम्ही नुसता पासवर्ड लिहून ठेवा.”

मी लिहायला घेतला, तर म्हणे, “पण थांबा. नवीन मशीनवर लॉगिन केलं की कोड तुमच्या मोबाइलवर येणार.”

“मग मोबाइलही ठेवून जातील,” बायको म्हणाली. “पुढची पॉलिसी दे.”