रियाध चालतं, मग रोहा का नको?

राष्ट्रीय स्पर्धा राष्ट्रातच भरवावी, हा जुनाट समज मार्च २०२३मध्ये निकालात निघाला. फुटबॉलच्या संतोष ट्रॉफीची फायनल तेव्हा थेट सौदी अरेबियात, रियाधला झाली. भारताचा विजेता ठरवायला कर्नाटक आणि मेघालय समुद्र ओलांडून गेले. कर्नाटक ३-२ने जिंकलं. तेव्हापासून आमच्या रायगडातल्या रोह्याच्या कट्ट्यावर एकच सवाल आहे: रियाध चालतं, तर रोहा का नको? रास तर दोघांचीही तूळच!

पेणकरांनी अर्थातच हरकत घेतली. मुंबईहून येताना आधी पेण लागतं, हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं कारण.

यजमानपदाचा इतिहास मात्र आपल्या महाराष्ट्राला फारसा धार्जिणा नाही. १९४१ला कलकत्त्यात स्पर्धा सुरू झाली, बंगालने ती घरीच जिंकली. आपलं उलटं. १९४५ला फायनल मुंबईत, मुंबई बंगालकडून हरली. १९५१ला पुन्हा मुंबईत, पुन्हा बंगाल, पुन्हा तेच. २०१६ला नागपुरात सेनादलाने महाराष्ट्राला २-१ने घरी बसवलं, म्हणजे होतो तिथेच. याउलट १९९०-९१ला पालघाटला आणि १९९९-२०००ला त्रिशूरला आपण केरळला त्यांच्याच अंगणात लोळवलं. परमुलुख असला की आपले पाय चालतात.

म्हणूनच रोहा. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११पासून चाललंय. पनवेल सोडून वडखळ, नागोठणे, कोलाड करत हाडं मोजत आलेल्या संघाला आपण परदेशी आलो याबद्दल तिळमात्र शंका उरणार नाही. व्हिसाही नको.

बंदोबस्ताची चिंता नसावी. इथे ग्रामदैवत धावीर महाराजांनाही पोलीस सलामी देतात, पंचाला दोन शिपाई सहज मिळतील. करंडक पेणच्या कारखान्यांत शाडूचा घडवू. विजेत्याने तो वाजतगाजत न्यावा, अनंत चतुर्दशीला बोळवावा. पुढच्या वर्षी परत मागायची कटकट नाही. मैदान? भातकापणीनंतर शेतं मोकळीच. गोलरेषा बांधांनी आयत्याच आखलेल्या, फक्त त्या कोणाच्या सातबाऱ्यावर हे आधी बघावं लागेल.

पेणकर अजून ऐकत नाहीत. शेवटी तोड निघाली ती अशी: पूर्वार्ध पेणला, उत्तरार्ध रोह्याला. मध्यंतर किती मिनिटांचं, ते दिवा-रोहा मेमू ठरवेल.