नानांचं समग्र वाङ्मय

अलीकडे वडीगोद्रीचं नाव आंदोलनांमुळे टीव्हीवर झळकतं. आमच्या लहानपणी ते दोनच ठिकाणी वाचायला मिळायचं, एक एसटीच्या पाटीवर आणि दुसरं पोस्टाच्या शिक्क्यात. एरवी आमचं गाव म्हणजे धुळे-सोलापूर रस्त्यावर गाडी बदलायची जागा. बीडकडून यायचं, इथं उतरून चहा घ्यायचा आणि अंबड-जालन्याची एसटी धरायची. मुक्कामाला कुणी येत नसे. जायला मात्र १९७२ च्या दुष्काळात पुष्कळजण निघाले, आणि त्यांत आमचे नाना होते. दादांचे, म्हणजे माझ्या वडलांचे, धाकटे भाऊ.

दुष्काळी कामावर खडी फोडायला मिळत होती आणि रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो. नानांनी थोडे दिवस दोन्ही फोडून पाहिलं. मिलोची भाकरी खडीपेक्षा चिवट असते असं त्यांचं मत पडलं आणि ते जालन्याला जाऊन गाडीत बसले. तेव्हा रुळ मीटरगेज. मनमाडला उतरायचं, वळकटी डोक्यावर घ्यायची आणि मुंबईच्या मोठ्या गाडीत घुसायचं. परळच्या एका गिरणीत ते आधी बदली म्हणून लागले, मग साचेखात्यात कायम झाले. खोलीतले सगळे कोकणातले, खाणावळ भाताची आणि माशांची. आजीच्या गळ्यात माळ. त्यामुळे नाना मुंबईत काय खातात, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नाही आणि त्यांनीही आपण होऊन उत्तर दिलं नाही.

नाना वर्षातून एकदा, बहुतेक पैठणच्या नाथषष्ठीच्या सुमाराला यायचे. येताना गिरणीतलं कापड स्वस्तात आणायचे, पण आणायचे ते एकाच ताग्याचं. एका साली आम्हा सगळ्या भावंडांचे सदरे, बहिणींची परकरं, दप्तरांच्या पिशव्या आणि देवघराचा पडदा निळ्या चौकड्यांत निघाला होता. शाळेत मास्तर आम्हाला नावानं हाकच मारत नसत. ‘ए चौकडी’ म्हटलं की आमच्या घरची पोरं उभी राहायची.

पण नाना खरे भेटायचे ते मनीऑर्डरमधून. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक तुकडा असे, चार ओळींचा मजकूर मावेल एवढा. पोस्टमन नोटा मोजायचा, आजीचा अंगठा घ्यायचा आणि तो तुकडा फाडून हातात द्यायचा. नानांचं समग्र वाङ्मय या तुकड्यांवर आहे. त्यातली निम्मी जागा ‘ति. दादास सा. न. वि. वि.’ खायची. उरलेल्या जागेत, ‘पैसे पाठवले. कॅनॉलला पाणी सुटले का?’ हा कॅनॉल जायकवाडीचा. पाण्यावाचून ते गाव सोडून गेले आणि चार वर्षांत, १९७६ साली, पैठणचं धरण झालं. पुढे डाव्या कालव्याचं पाणी तालुक्यात खेळलं, ऊस आला, अंकुशनगरला कारखाना उभा राहिला, आणि नाना परळला साचा चालवत विचारत राहिले, पाणी सुटलं का. एकदा दादा वैतागून म्हणाले, सुटलं, पण हा काही तिथून सुटत नाही.

शेवटची ओळ मात्र ठरलेली असे: ‘चुलीपुढच्या मंडळींनी धुरात फार बसू नये.’ हे काकूला. बायकोचं नाव घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती आणि मजकूर पोस्टमन ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवायचा. आजीला वाटे ते आपल्यालाच लिहिलंय. ‘लेकराला किती काळजी’ म्हणून ती डोळ्याला पदर लावायची, आणि काकू आत जाऊन विनाकारण भांडी घासायची. नवरा-बायकोचा असा उघड्यावरचा चोरटा पत्रव्यवहार मी पुढे कुठल्या कादंबरीतही वाचला नाही.

१९८१ च्या महाराष्ट्र दिनी जालना जिल्हा झाला, तेव्हा नाना पत्त्यात ‘जि. जालना (जुना औरंगाबाद)’ लिहू लागले, न जाणो पोस्टाला कळलं नसलं तर. पुढच्या जानेवारीत, १८ तारखेला, गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांचं नाव आमच्या पारावरही ऐकू येत होतं. पण नानांची मनीऑर्डर चुकली नाही. फक्त रक्कम उतरत गेली आणि मजकूर चढत गेला. मुंगीएवढ्या अक्षरांत समासातून, कडेनं, उलटं धरून वाचावं लागेल असं लिहिलेलं. बैलाच्या खुराला हळद लावा. थोरल्याला पाढे तिसापर्यंत यावेत. विहिरीचा कठडा बांधून घ्या. आम्हाला गंमत वाटे. आजी म्हणे, पोरगं सुधारलं, आता नीट लिहितं.

दादा कमी शिकलेले, पण त्यांनी तो तुकडा पुष्कळ वेळ हातात धरला आणि म्हणाले, ‘ह्याला एवढं लिहायला वेळ कुठून मिळतो?’

दोन दिवसांनी ज्वारीचं एक पोतं घेऊन ते मुंबईला गेले. परत आल्यावर ‘बरा आहे’ एवढंच बोलले. नाना तेव्हा भायखळ्याच्या बाजारात भाजीच्या पाट्या वाहत होते, हे आम्हाला फार उशिरा, त्यांच्या खोलीतल्या एका कोकणी भाऊंकडून कळलं. तेही एका लग्नात, पंगतीला बसल्यावर.

पुढचे काही महिने आजीच्या हातात जी मनीऑर्डर पडायची ती दादा स्वतः अंबडला जाऊन, नानांच्या नावानं, आपल्याच घरी पाठवायचे. वर पोस्टाचं कमिशन भरून! आपलेच पैसे आपल्याच ओसरीवर आणण्यासाठी एवढा खर्च करणारा शेतकरी तालुक्यात दुसरा नसेल. आजीला अक्षरओळख नव्हती, पोस्टमनला दादांनी गप्प केलं होतं. काकू चौथी शिकलेली, पण शिक्का तिनं पाहिलाच नाही. ती एवढंच म्हणाली, ‘ही त्यांची नव्हं. चुलीचं काहीच लिहिलं नाही.’ थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीला धुराबद्दल लिहायचं तरी कसं? दादांना कमिशन परवडलं, ती ओळ परवडली नाही.

नाना मात्र गावी परतले नाहीत. इकडे येऊन खाणारं एक तोंड वाढवण्यापेक्षा तिकडून दोन पैसे बरे, हा त्यांचा हिशेब. रात्रीचा पहारा करून त्यांनी आमची शिक्षणं केली, मोसंबीची बाग लावून दिली. गुडघे गेल्यावर कायमचे आले. २०१२-१३ च्या दुष्काळात आसपासच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी कुऱ्हाडी लावल्या. तेव्हा ह्या माणसानं साठवलेल्या पैशातून टँकर आणून झाडं जगवली. त्या पैशात आयुष्यभर बाजारची मोसंबी आली असती. मी तसं म्हणालो तर म्हणाले, ‘मग बाजारात राहायला जा.’

१८८० साली सुरू झालेली मनीऑर्डर २०१५ साली जुन्या रूपात बंद झाली, ती बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. त्यांनी फक्त ‘बरं’ म्हटलं आणि काकूकडं बघितलं.

नाना गेले त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी पुण्याहून त्यांच्या औषधांचे पैसे फोनवरून पाठवायचो, बिनमजकुराचे. एकदा त्या ॲपमध्ये संदेशाची बारकी चौकट दिसली, म्हणून लिहिलं: उन्हात बागेत जाऊ नका. काकूचे डोळे दाखवा.

पाच मिनिटांत त्यांचा फोन.

‘पैसे आले. मजकूर पण वाचला.’

‘हं.’

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘खरं सांग. कामावर जातोस ना रे?’